५१२ चा फरक

आमच्या नागपुरात पाहुणा आला की त्याला दोन गोष्टींना सामोरं जावं लागतं. एक संत्र्याची बर्फी आणि दुसरा शून्य मैलाचा दगड. बर्फीबद्दल कोणाची तक्रार नसते. दगडाचं मात्र अवघड आहे. विधान भवनाजवळ तो वालुकाश्माचा खांब उभा आहे, शेजारी चार घोडे उधळलेले आहेत, खाली हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरं कोरलेली आहेत. मी त्याच्यापाशी उभा राहून, जणू तो आमच्या आजोबांनीच रोवला अशा थाटात, "हा देशाचा मध्य बरं का!" असं सांगतो. पाहुणा चष्मा पुसून बघतो, "अस्सं" म्हणतो आणि मग ऊन फार आहे म्हणतो. चूक त्याची नाही. शून्य ही काही दाखवायची वस्तू नव्हे. पण आमचा त्याच्यावर जीव आहे. १९५६ साली राजधानी आमच्या हातून गेली ती भोपाळला जाऊन बसली. शून्य तेवढं आमच्याकडे राहिलं.

या माझ्या अभिमानाला पहिला सुरुंग माझ्या पुतण्याने लावला. "काका, तुमच्या गावात एकच शून्य आहे. माझ्या चिपमध्ये तीन आहेत," असं तो मला २००३ च्या उन्हाळ्यात म्हणाला. कूलर बंद पडलेला होता, त्यामुळे वाद घालायचं त्राण मला नव्हतं.

मी आयुष्यभर एका कचेरीत हिशेब तपासले. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यावर लाल पेन्सिलीने खुणा करणे, हा माझा धंदा. पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर झाला आणि नोकरीसाठी पुण्याला पळून जाण्याऐवजी महालातल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर त्याने कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक टेबल, एक डागण्याची इस्तरी आणि 'हात लावू नका' अशी घरातल्या सर्वांना दिलेली ताकीद. वजनकाट्याला जोडायचे डबे तो बनवी. गाडी काट्यावर चढली की डबा वजन वाचणार, शेतकऱ्याचं नाव, गाव, खातं शोधणार आणि पावती छापून देणार. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगवाल्याने कापसाच्या हंगामासाठी असा डबा मागितला. भांडवल माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचं. तेव्हा या शास्त्रात मी शिरलो तो ज्ञानलालसेने नव्हे, हे आधीच कबूल करतो.

डब्याच्या पोटात ८०५१ नावाचा मायक्रोकंट्रोलर असे. इंटेल कंपनीने तो १९८० साली काढला. चाळीस पायांचा, बोटभर लांबीचा. गोमच म्हणा ना. ती गोम पुढे काट्यांत, मीटरांत, खेळण्यांत, कुठे कुठे जाऊन बसली. तिच्या आत प्रोग्रॅमची जागा वेगळी, बाहेरच्या माहितीची वेगळी, आणि आतल्या आत एक लहानशी फडताळवजा जागा, तीही वेगळी. तिन्ही ठिकाणी घरांचे नंबर शून्यापासून सुरू. म्हणजे एका वाड्यात तीन बिऱ्हाडं आणि तिघांच्याही दारावर एकच नंबर. पोस्टमनने काय करावं? त्याने पत्त्यापुढे 'तळमजला', 'माडी', 'परसदार' असं लिहून घ्यावं. इथेही नेमकं तेच करतात. कंपायलर, म्हणजे माणसाने सी भाषेत लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाष्या, पत्त्याबरोबर गरजेप्रमाणे एक जादा बाईट बाळगतो. हा पत्ता कुठल्या बिऱ्हाडातला, ते त्यात लिहिलेलं असतं.

पत्ता स्वतः दोन बाईटांचा. दोन बाईट म्हणजे सोळा तारा आणि प्रत्येक तारेवर एक तर आहे किंवा नाही. सोळा वेळा दुप्पट करत गेलं की ६५,५३६ येतात. याला त्या लोकांत चौसष्ट के म्हणतात. त्याच्या पुढचं घर तुम्ही बांधाल हो, पण त्याला नंबर काय द्याल? आकडेच संपले. पासष्ट हजार पाचशे पस्तीसच्या पुढे एक पाऊल टाकलं की माणूस पुन्हा शून्यावर येतो. आमच्या दगडापाशीच म्हणा.

आता हे चौसष्ट के संपवले कोणी? मी. पावती मराठीतच पाहिजे, असा हट्ट माझा होता. रोमन लिपीची सव्वीस अक्षरं, त्यांची मोठी भावंडं आणि आकडे यांत काम भागतं. आमच्याकडे क ला काना, मात्रा, वेलांटी; क्ष, ज्ञ, त्र; आणि 'ज्ञानेश्वर', 'कृष्णराव', 'द्वारकाबाई' हे लोक कापूस विकायला येणारच. पुतण्याने जोडाक्षरांसकट चारशे आकृत्या काढल्या. एकेक आकृती चोवीस ठिपके रुंद, चोवीस ठिपके उंच, म्हणजे ७२ बाईट. चारशेंचे झाले २८,८००. मी म्हटलं, शेतकऱ्याचं नाव ठळक आलं पाहिजे, तो मालाचा धनी आहे. ठळक अक्षरांचे आणखी २८,८००. वर श्री, खाली 'कळावे, लोभ असावा'. मूळ प्रोग्रॅम तीस हजारांचा. सगळ्यांची बेरीज ८७,६००. ती करताना पुतण्याचा चेहरा उतरत गेला.

"काका, तुमचं मराठी भलती जागा खाऊन राहिलं," तो म्हणाला.

"मग इंग्रजी पावती त्या शेतकऱ्याने वाचायची कोणाकडून? व्यापाऱ्याकडून?" मी विचारलं. यावर तो गप्प बसला, कारण मुद्दा बिनतोड होता. असे मुद्दे माझ्याकडे फार नसतात, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

जागा कमी नव्हती, चिप मोठी मिळत होती. कमी पडत होता तो पत्ता. या दुखण्यावर जुना गावठी इलाज आहे. स्मृतीचे दोन-चार पेटारे घ्यायचे, सगळ्यांना तेच नंबर द्यायचे आणि कुठला पेटारा उघडा आहे ते एका खिट्टीने ठरवायचं. याला बँक बदलणे म्हणतात. पैशाच्या बँकेशी संबंध नाही, मनस्ताप मात्र तेवढाच. कारण ज्या पेटाऱ्यात उभं राहून तुम्ही खिट्टी फिरवता, तोच पायाखालून नाहीसा होतो. म्हणून खिट्टी फिरवणारा नेहमी सामायिक अंगणात उभा पाहिजे, पेटाऱ्यात नाही. पुतण्याने पंधरा दिवस हे केलं. डबा मधूनच कुठेतरी निघून जाई आणि पाणी मारल्याशिवाय, म्हणजे वीज बंद करून पुन्हा लावल्याशिवाय, शुद्धीवर येत नसे.

ही अडचण आमच्याच ओसरीवर जन्मली असं मला वाटत होतं. तर तसं काही नाही, मोठमोठ्यांची तीच गत झालेली. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट नावाच्या कंपनीने १९७० साली पीडीपी-११ नावाचा संगणक काढला. उत्तम यंत्र, पण पत्ता सोळा तारांचाच. पाच-सहा वर्षांत लोकांची घरं मावेनाशी झाली. मग गॉर्डन बेल आणि विल्यम स्ट्रेकर यांनी १९७६ साली, आपल्या यंत्राबद्दल आपणच, स्वच्छ लिहून टाकलं की संगणक बांधताना होणाऱ्या चुकांत निस्तरायला सर्वात कठीण चूक एकच, ती म्हणजे पत्त्याला पुरेसे आकडे न ठेवणे. आमच्या कचेरीत इतका प्रांजळपणा केला असता तर बढती थांबली असती. त्यांनी मात्र पुढल्याच वर्षी नवं यंत्र आणलं आणि त्याचं नाव ठेवलं व्हॅक्स. त्या नावाची फोड केली तर त्यात 'पत्त्याचा विस्तार' हेच शब्द निघतात. बारशालाच आजाराचं नाव ठेवलेलं हे एकच मूल माझ्या पाहण्यात आहे.

आपल्याकडे याच काळात एका मराठी माणसाने हे काम साऱ्या देशासाठी केलं होतं, आणि तेही संगणकाशिवाय. श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्राच्या दळणवळण खात्यात अधिकारी होते, आणि संस्कृतात काव्यं-नाटकं लिहीत. एकाच नावाची गावं देशभर विखुरलेली, पत्ते नाना लिपींत, त्यामुळे पत्रं भलतीकडे जात. वेलणकरांनी पत्त्याच्या शेवटी सहा आकडे लावले. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. पहिला आकडा देशाचा विभाग, दुसरा त्याचा पोटभाग, तिसरा जिल्ह्याचं छाटणीचं ठाणं आणि शेवटचे तीन आपलं पोस्ट. नागपूरचं मोठं पोस्ट ४४०००१, वर्धा ४४२००१. शेवटचे तीन दोन्हीकडे तेच. पुढचे तीन वाचायचे राहिले की नागपूरचं पत्र वर्ध्याला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती मला उपयोगी पडली.

वेलणकरांची हुशारी अशी की जुना पत्ता त्यांनी मोडला नाही. 'महाल, अमक्याच्या बोळात, विहिरीसमोर' हा आमचा पत्ता तसाच राहिला. (विहीर बुजवून जमाना झाला, पण पत्त्यात तिला अजून पाणी आहे.)

फोनचं तसं झालं नाही. २००२ च्या सुमारास आमच्या सहा आकडी नंबरापुढे २ लागला आणि सहाचे सात झाले. अमरावतीच्या आमच्या आत्याला जुना नंबर तोंडपाठ. ती सहा आकडे फिरवून थांबायची. पलीकडून कोणी बोलेना, म्हणून ती दोन महिने आमच्यावर रुसून होती. आम्ही फोन करून सांगावं तर ती म्हणे, "तुम्हीच फोन उचलत नाही." वयाच्या ऐंशीव्या वर्षी एका आकड्यासाठी माणसाने पाठांतर का बदलावं?

पुतण्याला शेवटी नवी गोम सापडली. डल्लास सेमीकंडक्टर कंपनीची डीएस८०सी३९०. हाडाची ८०५१ च, पण पत्ता दोनऐवजी तीन बाईटांचा. पत्ता धरायचं जे दुहेरी खण असतं त्याला तिसरा खण जोडलेला. तीन बाईटांत एक कोटी सदुसष्ट लाखांवर घरं मोजता येतात. प्रत्यक्षात बाहेर तेवढ्या तारा नव्हत्या, तरी चार मेगाबाईट प्रोग्रॅमला आणि चार माहितीला मिळत. माझं मराठी त्यात ऐसपैस पाय पसरून झोपलं असतं.

पण यंत्राला तीन आकडी पत्ता कळून उपयोग नाही, दुभाष्यालाही कळला पाहिजे. परदेशी कंपायलर विकत घ्यायचे तर माझा फंड तिथेच आटोपला असता. पुतण्या एसडीसीसी नावाचा फुकट मिळणारा कंपायलर वापरत असे. संदीप दत्ता यांनी तो लिहायला सुरुवात केली आणि मूळ लिखाणासकट जगाला देऊन टाकला. पुढे अनेकांनी त्यात भर घातली, आणि त्या भरीतच या नव्या चिपचा, चोवीस तारांच्या सपाट पत्त्याचा अवतारही तयार होता. ते लिखाण पुतण्या मला रात्री दाखवत बसे. मला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण लाल पेन्सिलवाल्याला मजकूर कळावा लागत नाही.

मला वाटलं होतं, दोनच्या जागी तीन लिहिलं की झालं. छे! दोन हा आकडा एका जागी लिहिलेला नसतोच. तो सवयीत असतो. दुसऱ्या कामाला जाताना परतीचा पत्ता उतरंडीवर ठेवायचा, तो दोन बाईट धरून. आता तीन ठेवायचे, म्हणून उतरंड लवकर भरते, म्हणून या चिपला एक हजार चोवीस बाईटांची मोठी उतरंड दिलेली, म्हणून ती वापरायची वेगळी सोय कंपायलरमध्ये. एका कामाने दुसऱ्याच्या हातात पत्ता द्यायचा तर कुठला भाग कुठल्या खणात, हे ठरलेलं असतं. मध्ये तिसरा खण आला की त्यामागचे सगळे एकेक घर सरकतात, पंगतीत उशिरा आलेल्या व्याह्याला मध्येच पाट मांडावा तसे. बिऱ्हाड सांगणारा जादा बाईट धरून जो पत्ता पूर्वी तीनचा होता, तो आता चारचा. ज्यांनी ही भर घातली, त्यांनी नवीन असं फार थोडं लिहिलं असेल. गृहीत धरलेला प्रत्येक दोन हुडकून काढणे, हेच खरं काम. हे ऐकल्यावर त्या न पाहिलेल्या मंडळींबद्दल मला जातभाईंसारखी माया वाटली. तेही आयुष्यभर दुसऱ्यांची गृहीतंच तपासत होते.

दिवाळीनंतर डबा जिनिंगवर बसला. पावत्या अशा सुरेख निघत की मी एक चौकटीत लावायला घरी आणली. पंधरा दिवस बरे गेले. सोळाव्या दिवशी बोलावणं आलं. आम्ही पोचलो तर एक म्हातारे शेतकरी पावती हातात धरून उभे होते.

"भाऊ, हे नाव माहं हाय. आडनाव कोन्या गावचं हाय हे? बाईचं आडनाव लग्नात बदलते. माहं कापूस इकल्यावर कसं बदललं?"

लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण नुसतं आडनाव बदललं नव्हतं, खालचा खाते क्रमांकही दुसऱ्याचा होता. अकरा क्विंटल कापूस, वर्षाची कमाई, ती भलत्या माणसाच्या नावे मांडली गेली होती. आणि नाव माझ्याच हट्टापायी ठळक. चूक झाली तीसुद्धा ठळक. जिनिंगवाल्याने आठ दिवसांची मुदत दिली, नाही तर डबा उचला आणि पैसे परत करा. हे तो रागावून बोलला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली.

पुतण्याने डबा घरी आणून तीन रात्री चालवला. एकही चूक नाही! घरी यंत्र शहाण्या मुलासारखं वागत होतं. शेवटी मी माझ्या पद्धतीने बसलो. जिनिंगवरून स्थळप्रतींचा गठ्ठा आणला आणि लाल पेन्सिल काढली. अशा तीन पावत्या सापडल्या. ७३१ नंबरच्या माणसाला २१९ चं आडनाव. ८४५ ला ३३३ चं. ६०२ ला ९० चं, गावासकट. पाचशेच्या आतल्या कोणाचीही पावती चुकलेली नव्हती. हिशेबनिसाचा हात अशा वेळी आपोआप वजाबाकी करतो. पहिली केली, ५१२. दुसरी, ५१२. तिसरी करायच्या आधीच घाम फुटला.

पुतण्याला उठवलं. पहाटेचे तीन वाजले होते. "एका माणसाची नोंद किती बाईटांची?" मी विचारलं.

"एकशे अठ्ठावीस. का?"

मी गुणाकार त्याच्यापुढे सरकवला. १२८ गुणिले ५१२, बरोबर ६५,५३६. चौसष्ट के! म्हणजे नाव वाचता वाचता मध्येच कुठेतरी पत्त्याचा वरचा बाईट गळत होता आणि यंत्र खालचे दोन तेच धरून पहिल्या चौसष्ट के मध्ये जात होतं. पिनचे पुढचे आकडे न वाचल्यामुळे नागपूरचं पत्र वर्ध्याला.

पुतण्या अंथरुणातून उठून टेबलापाशी गेला आणि दहा मिनिटांत तिथून ओरडला, "काका, आत्याआजी सापडली!"

घरातली सगळी जागी झाली. ती खरी आत्या नव्हती. काट्याकडून वजन आलं की चिप हातातलं काम थांबवते, वजन टिपते आणि परत कामाला लागते. त्यासाठीचा तुकडा पुतण्याने जुन्या डब्याच्या वेळी थेट यंत्राच्या भाषेत, हाताने लिहिलेला होता. जाताना हातातला पत्ता जपून ठेव, दोन बाईट. आल्यावर उचल, दोन बाईट. नव्या चिपवर चालावा म्हणून त्याने त्यात तिसऱ्या खणात शून्य घालायची एक ओळ वाढवली होती, पण त्या खणात आधी काय होतं ते जपायचं राहिलं. कंपायलरने आपले सगळे दोन बदलले होते. हाताने लिहिलेलं मात्र तो तपासत नाही, जसंच्या तसं पुढे सोडतो. नाव वाचलं जात असतानाच्या नेमक्या निमिषात वजन आलं तरच चूक. घरी ओसरीवर कापसाच्या गाड्या कुठून येणार?

दोन ओळी वाढवल्या. एक तिसरा खण ठेवायची, एक उचलायची. मग पुतण्या डोकं धरून बसला आणि "तुम्ही पाहिलं नसतं तर?" असं म्हणाला. मी काही बोललो नाही. ३८ वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारलेला नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.

आठव्या दिवशी तीन नव्या पावत्या घेऊन आम्ही गेलो. जिनिंगवाल्याने खाती फिरवून दिली. पैसे वाटपाला अजून दोन दिवस होते, हे नशीब. म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या घरी मी स्वतः पावती द्यायला गेलो. त्यांनी ती नातवाकडून वाचून घेतली. नाव, आडनाव, गाव, खातं, अकरा क्विंटल. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं,

"हे 'लोभ असावा' कोनं लिवलं?"

"मी," मी चाचरत म्हटलं. ही ओळ काढून टाकायची तयारी मी मनाशी केलीच होती.

"राहू द्या," ते म्हणाले. "फकस्त ज्याचा त्याले द्या."